झाकणाच्या आतली बाजू

वाशीत, सेक्टर सतराला, जिन्याखालच्या साडेचार फुटांत
एकतीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलोय.
चेहरे मला नीट आठवत नाहीत.
मनगटं आठवतात.

कोपरखैरण्याचे जनार्दन भोईर,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकला त्या वर्षी
रोलेक्स घेऊन आले, तबकडीभोवती हिरे.
हळदीत नाचताना डावा हात वरच.
'लांबशी दिसाला पायजे मास्तर, नायतं काय उपेग?'

त्यांचा निकेत आता
सुईसारखे काटे, तारीखसुद्धा नाही, असलं
एक पातळ स्विस घड्याळ बाहीखाली लपवतो.
कंपनीचं नाव विचारलं तर पुटपुटतो,
लग्नाआधीच्या मुलीचं घ्यावं तसं.
'ज्याला कळायचं त्याला कळतं, काका.'
बापाची रोलेक्स लॉकरमध्ये.
ती तो घालत नाही. भाव मात्र
दर सहा महिन्यांनी विचारून जातो.

दुसऱ्या रविवारी पाच-सहा जण जमतात
समोरच्या उडप्याकडे. मलाही हाक मारतात.
आधी टेबल दोनदा पुसून घ्यायचं, सांबाराच्या वाट्या लांब,
मग हिरव्या मखमलीचा तुकडा,
आणि सगळे एकदम हळू बोलायला लागतात.
दातांच्या डॉक्टर धारपबाई, ओमेगाशिवाय बोलत नसत;
आता म्हणतात, स्विस म्हणजे जाहिरात, काम जपान्यांचं.
नेरुळचे नायर दोन्हींवर हसतात आणि खिशातून
वडिलांची एचएमटी काढतात, किल्लीची.
पाच वर्षांपूर्वी तीच त्यांनी मला
सुट्या भागांसाठी फुकट देऊ केली होती.
मसाला मार्केटचे धीरेनभाई:
तीनशे मीटर खोल चालणारी सहा घड्याळं होती त्यांच्याकडे,
स्वतः खाडी ओलांडतात ती पुलावरून.
सहाही विकून एक आणलंय, सोन्याचं, चौतीस मिलिमीटर,
ज्याला तेच गेल्या दिवाळीत 'बायकी' म्हणाले होते.
कोणी आठवण करून देत नाही.
प्रत्येकाचं काहीतरी दुसऱ्याला ठाऊक आहे.

मी चहा पितो. मला विचारतात, तुमची आवड कुठली?
मी म्हणतो, बंद पडलेली.
हसतात. मी गंमत केली नव्हती.

मागच्या मंगळवारी ऐरोलीहून एक मुलगी आली, ईशानी.
पहिल्या बोनसमधून जुनी ओमेगा घेतलेली, चौथी मालकीण.
'मागे पडते. आणि काका, एक सांगा,
ही तबकडी कोणी रंगवली?
मूळची असती, चहाच्या डागासारखी पिवळी,
तर चौपट किंमत होती.'
मी झाकण फिरवलं. आतल्या बाजूला,
मालकांना कधी दिसत नाही तिथे,
आम्ही दुरुस्तीवाले सुईने खूण करतो.
तीन खुणा होत्या. मधली:
र. पां. १२-९४.

ओगले साहेब. 'कावीळ झाल्यासारखं दिसतंय हो,
वडिलांचं आहे, नवं कोरं करा.'
मी ग्रँट रोडच्या रंगाऱ्याकडे स्वतः घेऊन गेलो,
दोनदा परत पाठवलं, अक्षरं जाड झाली म्हणून.
आलं तेव्हा आंबेमोहोरासारखं पांढरं.
साहेबांचे डोळे भरले होते.
मी ठरल्यापेक्षा वीस रुपये कमी घेतले.

'कोण असेल?' तिने पुन्हा विचारलं.
'असेल कोणी,' म्हटलं. 'तेव्हा असंच आवडायचं.'
तिने मान हलवली, माफ केल्यासारखी.
मला की ओगल्यांना, ते कळलं नाही.

साफ केलं, तेल दिलं, चार दिवस चालवून पाहिलं.
दिवसाला सहा सेकंद. या वयाला पुष्कळ झालं.
झाकण लावण्याआधी सुई घेतली.
जुन्या खुणेखाली जागा होती.
हात पूर्वीसारखा स्थिर नाही,
र चा पाय जरा लांब गेला.